बोर्डिंगची जागा विकू नका

वसतिगृहांचा काळ संपला, असं एक गृहस्थ गावोगावच्या सभांतून सांगत फिरत आहेत. शिक्षणातले जाणकार म्हणून त्यांचा दबदबा आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शंभर वर्षांपूर्वी एसटी नव्हती, खेड्यात शाळा नव्हत्या, तेव्हा बोर्डिंगं हवी होती. आता भर शहरात कोट्यवधींच्या जागा अडवून चाळीस-पन्नास पोरं ठेवणं ही उधळपट्टी आहे. जागा बिल्डरला द्या, पैशाचं व्याज पोरांच्या खात्यात टाका, ती आपापली खोली शोधतील. शिवाय ही बोर्डिंगं मुळात जातीची. गेली तर बरंच.

शेवटचा मुद्दा आधी संपवतो. तो जुनाच आहे आणि दर काही वर्षांनी नव्या तोंडून येतो. शाहू महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढलं होतं. सर्वांसाठी म्हणून निघालेल्या त्या घरात बहुजनांची पोरं टिकली नाहीत. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा समाजांची बोर्डिंगं निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातीची भिंत पाडणारं बोर्डिंगही याच परंपरेतलं. कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या घराला शाहू महाराजांचंच नाव मिळालं. जात खुपत असेल तर प्रवेशाचा नियम बदला. घर का पाडता?

एसटीबद्दल एवढंच सांगतो की ती आली म्हणून अक्कलकुव्याहून पुणं जवळ आलेलं नाही.

आता पैशाचा मुद्दा. माझा खरा राग त्यावर आहे. खात्यात पैसे टाकण्याचा प्रयोग सरकारनं केलेला आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. योजना हवीच आहे. पण महिन्याचे ५ हजार झाले. त्यात पेठेतली कॉट, खानावळीचा डबा, अभ्यासिकेची फी, गावी जायचं भाडं. डिपॉझिट आधी मोजावं लागतं आणि भत्ता मागाहून येतो. वर्ष सरत आलं तरी वाट बघणारी पोरं मी पाहिली आहेत. तोवर बाप उसनवारी करत हिंडतो. घरमालक आडनाव विचारतो, त्यावरून उमगलं नाही तर गाव विचारतो, मग सांगतो की खोली कालच गेली. ज्यांना बोर्डिंगातली जात खुपते, ते पोरांना या दारात नेऊन सोडायला निघाले आहेत. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा गादी आणि पेटी डोक्यावर. मुलींचा तर त्यांनी विचारच केलेला नाही. आडगावातले आईबाप लेकीला शहरात पाठवतात ते रेक्टरबाईंच्या भरवशावर. खात्यात व्याज जमा होतं म्हणून कोणी पाठवणार नाही.

आणि बोर्डिंगात डोक्यावर छप्पर एवढंच मिळतं, हे यांना कोणी सांगितलं? आमच्या बोर्डिंगात मेस सेक्रेटरी मुलांतूनच निवडला जाई. महिनाअखेरीला रात्री जेवणं उरकली की सतरंजीवर वही उघडायची. किराणा, भाजी, दळण, गॅस, आचाऱ्याचा पगार, सगळ्याची बेरीज. मग प्रत्येकाचे खाडे बघून ज्याची त्याची रक्कम काढायची. माझे चार खाडे होते, वहीत तीनच कसे, यावर तास जाई. पहिल्या वर्षाच्या एका पोरानं, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या, दुकानदाराच्या बिलात तेलाचा डबा दोनदा लागलेला दाखवला. सेक्रेटरी शेवटच्या वर्षाचा, पाटलाचा मुलगा. त्याला सगळ्यांसमोर वही दुरुस्त करावी लागली. पुढच्या वर्षी ती वही त्या पोराकडे आली. मजुराच्या पोरानं पाटलाच्या मुलाचा हिशेब तपासावा आणि दोघांनी दुसऱ्या दिवशी शेजारी बसून जेवावं, अशी दुसरी जागा आज कुठे आहे ती दाखवा. पैसे टाकून डबा उचलणाऱ्याला खानावळीच्या वहीत डोकावता येत नाही.

मग करायचं काय? शाहू महाराजांनी बोर्डिंगांना जागा, इमारती दिल्या आणि उत्पन्नही लावून दिलं. साताऱ्यात तशी बेगमी नव्हती, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. तशी पाळी पुन्हा कोणावर येऊ नये. रस्त्याकडेचे गाळे भाड्यानं द्या आणि भाडं आधी मेसच्या खात्यात जमा करा. निम्म्या जागा कुठल्याही जातीच्या गरजू मुलांना ठेवा. राहून गेलेल्या प्रत्येकानं नोकरी लागल्यावर एका मुलाचं वर्षाचं जेवण द्यावं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून मुलांना स्वतःची कामं स्वतः करायला लावून वसतिगृहं चालवते आहे, तेव्हा हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

राहता राहिला विक्रीचा प्रश्न. माजी विद्यार्थ्यांच्या सभेची मंजुरी असल्याशिवाय जागा विकता येणार नाही, अशी दुरुस्ती संस्थेच्या घटनेत करून घ्या. जिथे विक्रीचा ठराव आधीच मांडला गेला आहे, तिथल्या जुन्या मुलांनी जूनचे प्रवेश सुरू व्हायच्या आत सभेची मागणी लेखी द्यावी आणि त्या दिवशी रजा काढून हजर राहावं.