नाव ही अमानत

मुंबईकडे निघालेल्या अमरावती-अकोल्याच्या माणसाला शेगाव स्टेशन झोपेतही कळते. गाडी थांबते न थांबते तोच कचोरीवाल्यांची हाक येते. कागदात बांधलेली कचोरी आणि सोबत तळलेली हिरवी मिरची खिडकीतून आत येते. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेले भाविक ती घेतात, व्यापारी घेतात आणि आपल्या घरातली मुलेही तिची वाट पाहतात.

या कचोरीमागे एका निर्वासिताचे कष्ट आहेत. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. मुलूख सुटलेला, गाव नवे. गाडी थांबणार दोन-चार मिनिटे. तेवढ्यात ताट-वाटी मांडता येत नाही. एका हातात मावेल, चमचा लागणार नाही आणि थंड झाली तरी खाता येईल अशी वस्तू हवी. मैद्याच्या पारीत डाळीचे तिखट सारण भरलेली कचोरी या सगळ्यात बसली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या हा व्यवसाय चालवतात आणि शाखा शेगावबाहेरही गेल्या आहेत.

अशीच गोष्ट न्यूयॉर्कची. १९९० मध्ये मूळच्या इजिप्तच्या तिघांनी तिथल्या रस्त्यावर हॉट डॉगची गाडी लावली. हॉट डॉग म्हणजे लांबट पावात घातलेले मांसाचे सॉसेज. पुढे त्यांच्या लक्षात आले, की शहरातल्या मुस्लिम टॅक्सीचालकांना पोटभर हलाल जेवण हवे आहे. त्यांनी हॉट डॉग सोडून हलाल चिकन आणि भात द्यायला सुरुवात केली. त्या गाडीची आज ‘द हलाल गाईज’ ही मोठी साखळी झाली आहे. रोजी देणारा अल्लाह. गिऱ्हाइकाची गरज ओळखून कष्ट करणे हे माणसाचे काम.

पण धंदा उभा करणे वेगळे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवणे वेगळे. ‘शेगाव कचोरी’ अशा पाट्या आता दूरच्या शहरांतही दिसतात. गावाचे नाव सगळ्यांचे, ते कुणीही लावावे. शर्मा कुटुंबाच्या पाटीवर मात्र ‘टी. आर. शर्मा’ हे मूळ माणसाचे नाव असते. ती पाटी म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. पुढच्या पिढीने मालात खोट केली, तर बट्टा आजोबांच्या नावाला लागेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढला आणि विक्रेत्याला जाब विचारला. वर दिसते तेच आत असले पाहिजे. धान्याचा हा नियम कचोरीला आणि कबाबालाही लागू आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. अकोला-अमरावतीत आपल्या कितीतरी कुटुंबांची रोजी बेकरीवर, बिर्याणीच्या देगीवर, शीग कबाबच्या गाडीवर चालते. हाताला चव आहे, गिऱ्हाईकही आहे. तरी अब्बांच्या माघारी एका दुकानाची तीन दुकाने होतात किंवा कुलूप लागते. आमच्या पाहण्यात याचे कारण बहुतेक वेळा चव नसते, हिशेब असतो. उधारी अब्बांच्या डोक्यात, मसाल्याचे प्रमाण अम्मींच्या मुठीत, भागीदारी तोंडी. अम्मींची इद्दत संपत नाही तोच भाऊ भावाला जाब विचारू लागतो. बहिणींना तर कुणी विचारतच नाही. लहानपणी दुकानासाठी ढीगभर कांदे सोललेल्या मुलीचे लग्न झाले, की ‘तुझा आता काय संबंध?’

कुरआनची सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह निसाने मय्यताचे कर्ज आणि वसीयत भागवल्यावर वारसांचे हिस्से ठरवून दिले. त्यात मुलीचाही हिस्सा आहे. लग्नात दिलेल्या सामानाने तो फिटत नाही आणि ‘दुकान मर्दांचे’ म्हणून बुडतही नाही. पण माल किती, कर्ज किती, जागा कुणाची हे कुठे लिहिलेलेच नसेल, तर हिस्सा काढायचा कशातून? नेक भावालाही तो काढता येणार नाही. दहा वर्षे अब्बांसोबत राबलेला मुलगा पगारी, भागीदार की मदतनीस, हेही अब्बा हयात असतानाच ठरायला हवे. नाहीतर अन्याय त्याच्यावरही होतो.

शाळेत आम्ही मुलांकडून नफा-तोट्याची गणिते करून घेतो. त्यातल्या अनेकांनी घरच्या दुकानाचा हिशेब कधी पाहिलेला नसतो. म्हणून आमची विनंती एवढीच: या महिन्यात एक जाड वही आणा. येणे, देणे, जागेचे कागद, भागीदारीच्या अटी आणि अम्मींच्या मुठीतले माप सगळे तीत उतरवा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. लिहायला मुलीलाही बसवा. या दुकानात तिचे काय आहे, ते तिला तिच्याच अक्षरात वाचता येऊ द्या.