विश्लेषण : सुटलेले पोट आणि आतड्याचा कर्करोग… वजनाचा हिशेब कधी करायचा?

लग्नात भेटलेल्या नातेवाइकाचे पोट सुटलेले दिसले की ‘खात्यापित्या घरचा माणूस’ म्हणून विषय हसण्यावारी नेला जातो. तोच माणूस पुढे कधी एकदम बारीक झाला, तर ‘वजन छान उतरवलंत’ असे कौतुक होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत या दोन्ही प्रतिक्रिया चुकू शकतात. वाढलेले वजन हा या आजाराचा धोका वाढवणारा घटक आहे आणि प्रयत्न न करता उतरलेले वजन हे आजाराचे लक्षण असू शकते.

हा संबंध सिद्ध झाला आहे का?

होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) २००२ मध्येच लठ्ठपणाशी निगडित कर्करोगांत मोठ्या आतड्याचा समावेश केला होता. २०१६ मध्ये पुरावे पुन्हा तपासल्यावर ही यादी १३ कर्करोगांपर्यंत वाढली. त्यात मोठे आतडे आणि गुदाशय दोन्ही आहेत. याच संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख जणांचा मृत्यू झाला. भारतात या आजाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण वजने वाढत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वजन जास्त असलेल्या महिलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेले.

चरबीचा आतड्याशी काय संबंध?

पोटातील चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती रक्तात सतत रासायनिक संदेश सोडत असते. चरबी वाढली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि शरीर ते अधिक तयार करू लागते. जास्तीचे इन्सुलिन पेशींना विभाजनाला उत्तेजन देते. त्यात चरबीमुळे शरीरात मंद पण कायमचा दाह राहतो. आतड्याचे आतील अस्तर मुळातच दर काही दिवसांनी नवे होते. पेशींचे विभाजन जितके जास्त, तितकी चुकीची शक्यता जास्त. अशा चुकांतून आधी ‘पॉलिप’ म्हणजे लहान गाठ येते. तिचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. बहुतेक पॉलिप मात्र कर्करोगापर्यंत पोहोचत नाहीत.

धोका किती वाढतो?

आयएआरसीच्या २०१६ च्या आढाव्यानुसार, सर्वाधिक वजनगटात हा धोका सामान्य वजनाच्या तुलनेत सुमारे ३० टक्के जास्त असतो. याचा अर्थ लठ्ठ व्यक्तींपैकी ३० टक्के लोकांना कर्करोग होतो असा नाही. समजा, सामान्य वजनाच्या हजार जणांपैकी दहा जणांना हा आजार होत असेल, तर लठ्ठ गटात तो तेरा जणांना होईल. पुरुषांमध्ये हा संबंध अधिक ठळक दिसतो. तंबाखू, मद्य, प्रक्रिया केलेले मांस, बैठे काम आणि घरातील पूर्वेतिहास हीही कारणे आहेत. म्हणजे सडपातळ माणूस सुरक्षित नाही आणि जाड माणूस दोषीही नाही.

मग ‘वजन उतरणे’ धोक्याचे कसे?

जर्मनीतील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांचे निदानाच्या वेळचे आणि त्याआधीच्या काही वर्षांचे वजन तपासले. निदानाच्या वेळचे वजन पाहिले तर लठ्ठपणाचा संबंध दिसतच नव्हता. आठ ते दहा वर्षे मागचे वजन पाहिल्यावर तो स्पष्ट झाला. कारण उघड आहे. निदान होईपर्यंत अनेकांचे वजन आजारानेच घटवलेले असते. म्हणून वजनाचा हिशेब आजारी पडल्यावर नव्हे, तर सगळे ठीक असतानाच मांडायला हवा.

भारतीयांनी काय मोजावे?

भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते. म्हणून ‘बीएमआय’चे निकष येथे कडक आहेत. २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जातो. १७० सेंटिमीटर उंची आणि ७२ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय २४.९ येतो. आंतरराष्ट्रीय निकषांत हा माणूस ‘सामान्य’ असतो, पण भारतीय निकषांत तो लठ्ठपणाच्या उंबरठ्यावर आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पँटच्या नंबरवर मात्र विसंबू नये. पोट सुटले की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर तोच राहतो. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध लावून, श्वास सोडून मोजावे.

व्यवस्था कुठे कमी पडते?

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील नागरिकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. आतड्याचा कर्करोग त्यात नाही. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षापासून तपासणीची शिफारस आहे. भारतात सरसकट सर्वांची कोलोनोस्कोपी करणे परवडणारे नाही आणि तशी मागणीही योग्य ठरणार नाही. पण टेप काही रुपयांत मिळते. प्रत्येक आरोग्य शिबिरात आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजणे, तसेच शौचातून रक्त जाते का, शौचाची सवय बदलली का, घरात कुणाला हा आजार होता का, हे तीन प्रश्न विचारणे सहज शक्य आहे. ज्यांची उत्तरे ‘हो’ येतील, त्यांना पुढील तपासणीसाठी पाठवता येईल. आज अहवालावर बीएमआयचा आकडा छापला जातो, पण त्यावर कुणी बोलत नाही.

तोपर्यंत काय?

शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणले जाते. लाजेपोटी महिने जातात. अनेकदा ती मूळव्याधच असते, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायला हवे. हिमोग्लोबिन विनाकारण घटणे, सततची पोटदुखी आणि आपोआप उतरणारे वजन यांनाही हेच लागू होते. पॉलिप वेळेत सापडला तर तो कोलोनोस्कोपी करतानाच काढता येतो आणि कर्करोग होण्याआधीच टळतो. सुटलेल्या पोटावर विनोद करण्यापेक्षा ते मोजणे आणि उतरलेल्या वजनाचे कौतुक करण्याआधी ‘मुद्दाम उतरवलंत का?’ एवढे विचारणे कुणालाही जमेल.