प्रिंटर झोपलाय, मेला नाहीये!

आमच्या सोलापुरात संध्याकाळी साडेसहाला ऑफिस बंद करताना शिपाईमामा काय करतात? खिडक्या लावतात, मेन स्विच खाली ओढतात आणि घरी जातात. अगदी बरोबर करतात! आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत माझ्या मेलबॉक्समध्ये धडाधड मेल पडतात, 'प्रिंटर ऑफलाइन'. जितके प्रिंटर तितके मेल. सकाळी दहाला पुन्हा तितकेच, 'प्रिंटर ऑनलाइन'.

बऱ्याच ऑफिसांतले प्रिंटर एका सॉफ्टवेअरवरून सांभाळणं हे माझं काम. आज मला भांडायचंय ते "जितके जास्त अलर्ट तितकी जास्त काळजी" असं मानणाऱ्या मंडळींशी.

मुळात 'ऑफलाइन' म्हणजे काय? सर्व्हर दर काही मिनिटांनी प्रिंटरला एसएनएमपीवरून विचारतो, "आहेस का?" उत्तर आलं नाही की ऑफलाइन. बस्स! प्रिंटर बिघडलाय असं यात कुठेच नाही. वीज गेली असेल, राउटर लटकला असेल, डीएचसीपीने प्रिंटरला नवा आयपी दिला असेल. विंडोजमध्ये तर आणखी गंमत. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटस चालू आहे आणि कम्युनिटीचं नाव जुळत नाही, तर धडधाकट प्रिंटरही ऑफलाइन दिसतो. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, म्हणून थेट तिरडीचं सामान आणायला जायचं का?

यावर ठरलेला प्रश्न, "पण एखादा खरा अलर्ट सुटला तर?"

अहो, सुटलाच की! वैतागून मीच सगळे ऑफलाइन मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम लावला होता. एका शनिवारी एका हॉस्पिटलच्या डिस्चार्ज काउंटरवरचा प्रिंटर खरंच गेला. मेल वेळेवर आला आणि त्या ढिगात गाडला गेला. कागद हाताने लिहिण्यात उशीर झाला, एका आजींची गावाकडची शेवटची एसटी चुकली आणि नातवाला घेऊन त्या रात्रभर व्हरांड्यात बसल्या. मला कळलं सोमवारी. चूक माझीच, पण तो नियम लावायची वेळ का आली?

१९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले. अलार्मची नोंद छापणारा प्रिंटर (हो, प्रिंटरच!) दोन तासांहून जास्त मागे पडला. माहिती भरपूर होती, पण त्या गोंधळात महत्त्वाचं काय हेच कळेना.

मग अलर्ट बंद करायचे? मुळीच नाही, तो दुसऱ्या टोकाचा आळशीपणा. ऑफिसच्या वेळा सॉफ्टवेअरला सांगा. ऑफिस उघडून अर्धा तास झाला तरी न उठलेला प्रिंटर, हा खरा अलर्ट. पहिल्याच हाकेला ओ आली नाही म्हणून बोंब नको, तीन फेऱ्या थांबा. राउटर गेला तर मेल एकच, राउटरचा. नागिओससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही 'डाउन' आणि 'अनरीचेबल' वेगळे असतात. आणि डिस्चार्ज काउंटर आणि स्टोअररूम एका तराजूत तोलू नका. पहिल्यासाठी फोन वाजलाच पाहिजे, दुसरा उद्याच्या यादीत आला तरी चालेल.

एका दुपारचं काम आहे हे. तरी होत नाही. का? महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'एवढे अलर्ट पाठवले' असा जाडजूड आकडा दाखवता येतो ना! त्यातले किती कुणी वाचले, हा रकाना कुणाच्याच रिपोर्टमध्ये नसतो.

आमच्या आजोबांच्या पिढीतलं सोलापूर मिलच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की माणसं उठून पाळीवर निघायची, कारण तो उगाच वाजत नसे. तोच दर दोन मिनिटांनी वाजला असता, तर कोण उठलं असतं?

असो. साडेसहा वाजत आलेत. शिपाईमामा उठले असतील. आता येतील बघा मेल...