शिक्षणभत्ता, प्राप्तिकर आणि कळवणचा शेतमजूर

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मुलाच्या शिक्षणासाठी मिळणारा भत्ता जानेवारी 2024 पासून दरमहा 2812 रुपये 50 पैसे झाला. कळवणच्या टपाल कचेरीतील कारकूनही त्यास पात्र आहे. परंतु 1961 च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांनी त्यातील करमुक्त रक्कम ठरविली होती मुलामागे दरमहा 100 रुपये, तीही दोनच मुलांपुरती. एक खाते शिक्षणाचा खर्च मान्य करते आणि दुसरे खाते शंभरावरील प्रत्येक रुपया मिळकत म्हणून मोजत होते! वीस टक्क्यांच्या टप्प्यातील कारकुनाला उरलेल्या रकमेवर उपकरासह सुमारे 564 रुपये कर पडे. त्यातील 22 रुपये ‘आरोग्य व शिक्षण उपकरा’चे, शिक्षणाच्या भत्त्यावर पुन्हा शिक्षणासाठी कर. 2020 मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीने तर ही शंभराची सूटही ठेवली नाही.

तेव्हा सूट वाढवा, ही कर्मचारी संघटनांची मागणी रास्तच आहे. परंतु समाजवाद्यांना तेथे थांबता येणार नाही. करातील सूट म्हणजे अंदाजपत्रकात न दिसणारे अनुदान होय, आणि ते उलट्या न्यायाने वाटले जाते. शंभर रुपयांच्या सुटीतून तीस टक्के कर भरणाऱ्या अधिकाऱ्याचे तीस रुपये वाचतात, पाच टक्केवाल्या शिपायाचे पाच. ज्याची मिळकत करपात्रच नाही, त्याच्या पदरी शून्य.

कळवण तालुक्यातील आदिवासी शेतमजूर या शून्यात मोडतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर तो जातो तेव्हा मालकाकडून त्याला फार तर उचल मिळते. शिक्षणभत्ता हा शब्द त्याच्या कानी पडण्याचे कारण नाही. मूल बरोबर नेले तर शाळा बुडते, मागे ठेवले तर सांभाळणार कोण? आश्रमशाळा हाच त्याचा शिक्षणभत्ता, आणि तो वस्तुरूपाने मिळतो. कसा मिळतो, ते पालकांना विचारावे.

पगारदाराने भूमिहीनासाठी कर द्यावा, हे महाराष्ट्राला नवे नाही. रोजगार हमीसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसला, तो याच विचाराने. म्हणून शिक्षणभत्त्यावरील सवलत मिळकतीच्या टप्प्याशी न जोडता सर्वांना करातून सारखीच वजावट म्हणून मागावी. वरच्या टप्प्यांना त्यामुळे कमी मिळेल, मिळू द्यावे. आणि संघटनांच्या निवेदनात त्याच मागणीखाली दुसरे कलम असावे ते स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांचे: मजूर गाव सोडण्यापूर्वी ती उघडावीत आणि तो परतेपर्यंत चालू राहावीत.