पाच टक्के कुठे अडले?

जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ आणि मुस्लिमांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली. मुस्लिमांचे शिक्षणातले ५ टक्के मात्र ठेवले. तरी त्याचा कायदा झाला नाही. २०२० मध्ये महाविकास आघाडीने कायद्याचा शब्द दिला, तोही हवेत विरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजासाठी १० टक्क्यांचे विधेयक एका दिवसात मंजूर झाले. मराठा बांधवांबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या वरकुट्यात त्यांचा-आमचा बांधाला बांध आहे. माझा सवाल पक्षांना आहे. दोस्तांनो, मत मागायला येणाऱ्याला इफ्तारचे आमंत्रण जरूर द्या. पण आधी विचारा, विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडणार?