बीजाच्या सोबतिणी

हैदराबादला अफझलगंजात, मुसीकाठी उस्मानिया रुग्णालय आहे. तिथे पेशंट निघाला की सोबतीला कुणीतरी लागतेच. स्त्रीबीजाचेही तसेच आहे, भगिनींनो!

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशात दहा-वीस लाख बीजे असतात. प्रत्येक बीजाभोवती बारीक पेशींचे कडे असते. बीज वाढू लागले की या पेशी त्याच्या कवचातून धागे आत घालतात. धाग्यांच्या टोकाशी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून बीजाला अन्न पोचते आणि ‘अजून थांब’ हा निरोपही. बीजही गप्प नसते. ते पेशींना वाढायला सांगते. पुढे मेंदूतील ग्रंथीचे संप्रेरक एकदम वाढले की हा निरोप बंद होतो, बीज पिकते आणि सुमारे ३६ तासांनी सुटते.

मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. या उपचारात बीज पिकण्याची हीच वेळ साधावी लागते.

हा संवाद कुठेही अडू शकतो. त्यात सुनेचा काय दोष? बोल लावण्याआधी नवरा-बायको दोघांचीही तपासणी करून घ्यावी.