लहान होडीवरील यंत्रे : आधी वाट, मग मासा

कोकणात शेती आणि मासेमारी यांचे नाते फार जवळचे आहे. पावसाळ्यात भाताची लावणी करणारे कित्येक हात नारळी पौर्णिमेनंतर जाळी घेऊन दर्यावर जातात. यास्तव होडीवरील यंत्रांचा प्रश्न आपल्या विस्तारकार्याच्या कक्षेबाहेरचा आहे असे मानून चालणार नाही. पंप घेण्यापूर्वी विहिरीची खोली मोजावी, असे आपण शेतकऱ्यास सांगतो. यंत्र घेण्यापूर्वी आपण किती वाव पाण्यात मासेमारी करतो याचा विचार करावा, हेही आपणच मच्छीमारास सांगितले पाहिजे.

लहान होडीसाठी मुख्यत्वे दोन यंत्रांचा विचार होतो. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून होडीचे ठिकाण सांगणारे यंत्र म्हणजे जीपीएस. पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळ व मासे दाखविणारे यंत्र म्हणजे फिशफाइंडर. दोन्ही निरनिराळी मिळतात, तशीच एकाच पेटीतही मिळतात. पैसा मर्यादित असता प्राधान्य कशास द्यावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. आधी जीपीएस, नंतर फिशफाइंडर. आणि मोठ्या पडद्याच्या आधी चांगली बॅटरी.

मासा आज लागला नाही तर उद्या लागेल. परंतु वाट चुकलेली होडी परत येईलच असे नाही. आपले अनुभवी तांडेल डोंगराचा सुळका आणि देवळाचे शिखर एका रेषेत धरून खडक चुकवितात व जाळी टाकण्याची जागा हेरतात. ही विद्या मोलाची आहे. पण रात्री, धुक्यात अथवा पावसाच्या सरीत या खुणा दिसेनाशा होतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ आले, तेव्हा कोकणातील कित्येक घरांतील माणसे परतली नाहीत. जीपीएस वादळ थांबवू शकत नाही हे खरे. तरी संकटात सापडलेल्या होडीस आपले अक्षांश-रेखांश वायरलेसवरून, किंवा मोबाईलचा संपर्क असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर सांगता आले, तर शोध कोठे घ्यावयाचा हे निश्चित होते.

शिवाय जीपीएस मासेमारीच्याही कामी येते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्रपृष्ठाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांच्या सूचना देते. त्यांत बंदरापासूनची दिशा, अंतर, पाण्याची खोली व अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ज्याच्याजवळ जीपीएस नाही, त्यास या सूचनेचा पुरा लाभ घेता येत नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ठिकाण लिहिण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. '१६ अंश ३.५० मिनिटे' आणि '१६ अंश ३ मिनिटे ५० सेकंद' ही दोन ठिकाणे एक नव्हेत. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. या हिशेबाने वरील दोन ठिकाणांत सुमारे ६०० मीटरचे अंतर पडते. खाडीच्या मुखाशी एवढी चूक होडी खडकावर नेण्यास पुरेशी आहे. म्हणून एका गावातील सर्व होड्यांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी.

आता फिशफाइंडरविषयी. ५० किलोहर्ट्झची लहर खोल पाण्यात दूरवर जाते. २०० किलोहर्ट्झची लहर उथळ पाण्यात अधिक स्पष्ट चित्र देते. आपल्या लहान होड्या बहुधा ५० मीटरच्या आतल्या पाण्यात वावरतात. त्यांना २०० किलोहर्ट्झ पुरे. खोल समुद्रासाठी बनविलेल्या महागड्या यंत्राची त्यांना गरज नाही. जाहिरातीतील वॅटचा आकडाही पारखून घ्यावा. शिखर-ते-शिखर म्हणून सांगितलेली शक्ती प्रत्यक्ष सरासरी शक्तीच्या आठपट असते. २,४०० वॅट म्हणून विकले जाणारे यंत्र वस्तुतः ३०० वॅटचेच असू शकते.

हे यंत्र काय दाखवीत नाही, हेही समजून घ्यावे. त्याची लहर शंकूच्या आकाराने खाली जाते. शंकूचा कोन २० अंश असेल, तर १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व ३० मीटर खोलीवर साडेदहा मीटर रुंदीचे वर्तुळच काय ते दिसते. पुढचा खडक त्यात दिसत नाही. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून प्रतिध्वनी जोराने परततो. घोळ माशाचे जे बोत बाजारात मोठ्या किमतीस विकले जाते, ते म्हणजे हीच पिशवी. सुरमईस अशी पिशवी नसते, म्हणून तिची खूण पडद्यावर फिकट उमटते. तेव्हा पडदा रिकामा दिसला म्हणजे पाणी रिकामे, असा निष्कर्ष काढू नये.

एका गावी मी पाहिले की, कर्ज काढून मोठ्या पडद्याचे यंत्र घेतले गेले, पण बॅटरी जुनीच राहिली. परतीच्या वाटेवर अंधारात, खाडीच्या तोंडाशीच, यंत्र बंद पडले. दैवाने माणसे सुखरूप आली. हिशेब सोपा आहे. १ अँपिअर घेणारे यंत्र १२ तास चालविल्यास १२ अँपिअर-तास लागतात. साधी बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, म्हणून ती किमान २४ अँपिअर-तासांची हवी. यंत्र ३ अँपिअर घेत असेल तर ७२ अँपिअर-तासांची. लहर सोडणारा ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसापासून दूर बसवावा. लाकडी तळातून त्याची लहर नीट जात नाही; अशा होडीत तो पाण्याशी थेट लागलेला असावा.

काही वृद्ध तांडेल म्हणतात, यंत्राने तरुणांची नजर मंदावेल. ही शंका अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय यंत्र नाकारणे हा नव्हे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळी बंदीच्या काळात मच्छीमार सोसायटीत तांडेल व तरुण यांना एकत्र बसवावे. वडीलधाऱ्यांच्या खडकांच्या व वाटांच्या खुणा वहीत उतरवून घ्याव्यात आणि हंगाम सुरू होताच त्या त्या जागी जाऊन जीपीएसमध्ये नोंदवाव्यात. वही मात्र जपून ठेवावी. यंत्र बिघडते, वही बिघडत नाही. दुरुस्ती जवळच्या बंदरात होते की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

दर्यावर गेलेला माणूस वेळेवर घरी परतणे, ही त्या घराची पहिली मिळकत होय. जे यंत्र ती मिळकत राखते, त्यावर पहिला पैसा खर्च व्हावा.